हिंगूळ

माझी बोटं आता धुतली तरी निघत नाहीत.
तीस वर्षं झाली हिंगूळ खलतोय,
सरस घालून, म्हशीच्या शिंगाच्या वाटीत,
आणि वितीएवढ्या दगडी पात्यांवर
शपथा लिहितोय.

मजकूर एकच.
धन्याशी दुमत करणार नाही.
हाकललेल्यांना वेशीच्या आत घेणार नाही.
केलंच तसं, तर पितरांनी बघावं
आणि माझ्या कुळात चूल पेटवायला
कुणी उरू नये.
नावाची जागा तेवढी कोरी.

ते येतात, ओठांना रक्त लावतात,
वाचतात, काही जण नुसते ओठ हलवतात.
मग यान चू खड्डा खणतो पुरुषभर,
मेंढीचे पाय बांधतो. तिला आधीच कळलेलं असतं.
तिच्या पोटाशी पाती, वर माती,
मातीवर आमचे जोडे.
कधीकधी दुसऱ्या रात्री
यान चूच्या घरून रश्शाचा वास येतो.
मी विचारत नाही.

शिकाऊ होतो तेव्हा सहा घराणी होती.
सहांनी मिळून एक राजा सांभाळायचा,
आणि राजा ओसरीत बसून नासपती सोलायचा,
साल न तुटू देता. तेवढं त्याला छान जमायचं.
मग चार राहिली.
गेलेल्या दोघांच्या जमिनी चौघांनी खाल्ल्या
आणि हात पुसायला माझ्याकडे आली:
लिही.

माझी बहीण ष्वू जिनयांगला दिलेली.
झाओंचं शहर ते. बाकी तिघांनी वेढलं,
आणि फन नदीला पाट काढून
तिच्या अंगणात सोडलं.
ती सांगते, चुलीत बेडूक झाले,
पोरं झाडावर बांधून निजवली,
आणि तटाच्या फक्त तीन फळ्या कोरड्या होत्या
तेव्हा सासूने विचारलं,
भांडण नेमकं कशावरून गं?
कुणाला आठवेना.

मग एका रात्री पाण्याने कूस बदलली.
वेढा घालणाऱ्यांतले दोघे आतल्याला मिळाले,
बांध दुसरीकडून फुटला,
आणि तिसरा, सगळ्यांत ताठ मानेचा,
आपल्याच छावणीत वाहून गेला.

तिघांनी एकत्र राहण्याची शपथ
मी लिहिली होती.
तिसऱ्याला सोडण्याची शपथही मीच लिहिली,
त्याच आठवड्यात, त्याच वाटीतून.
माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात.

पुढे मोजणीदार आले.
प्रत्येक घराण्याचं पाऊल वेगळं:
कुणाचा बिघा एकशेसाठ पावलांचा,
कुणाचा दोनशे, झाओंचा दोनशे चाळीस.
शेत तेच, तुती त्याच, विहीर तीच,
पण सकाळी तीन बिघे असलेलं रान
दुपारी दोन भरलं.
यान चूच्या घराची हद्द मधोमध गेली:
तो वेइंच्या हद्दीत जेवतो
आणि हानांच्या हद्दीत झोपतो.
बायको म्हणते, बरंच झालं,
घोरणं आता परदेशात.

राजाकडे दोन गावं ठेवली,
पितरांना नैवेद्य दाखवण्यापुरती.
नासपतीचं झाड त्यातल्या एकात आहे, एवढं ऐकलं.

परवा गोउला, माझ्या नव्या शिकाऊ पोराला,
सवयीने म्हणालो: जिन लिहून दाखव.
वर दोन बाण, खाली सूर्य.
त्याने बाण काढले, मोठे, ऐटदार,
दगड तिथेच संपला.
सूर्य कुठे काढू, त्याने विचारलं.

मी दुसरं पातं दिलं नाही.
दगड महाग झालेत, आता
तीन ठिकाणी लागतात.
मेंढ्यासुद्धा.
यान चू दारात उभा होता, दोरी घेऊन,
उद्या किती, म्हणत.